नाशिकहून जर्मनीला शिकायला निघालात? बॅग कशी भरायची आणि तिकडे फिरायचं कसं

मुंबईच्या टर्मिनल टू वर काउंटरवरच्या ताईंनी माझी बॅग काट्यावर घेतली आणि आकडा आला २७.४, मर्यादा होती २३ किलोची. मागे लाईन लागलेली, आई-पप्पा बाहेर काचेपलीकडे उभे, आणि मी तिथेच फरशीवर बसून बॅग उघडली. वरती चार टॉवेल, त्याखाली दोन किलो तांदळाचं पीठ, स्टीलचे डबे, आणि सगळ्यात खाली आईने जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून दिलेल्या खोबऱ्याच्या वाट्या. पीठ, डबे, खोबरं सगळं काढलं, गेटवरच्या जवानाला विनंती करून पप्पांकडे परत दिलं. आईने ते पीठ स्वतः दळून आणलं होतं आणि ती ते हातात घेऊन उभी होती, तो चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही.

तेव्हापासून नात्यातल्या, ओळखीतल्या कोणाचीही बॅग भरायला बसले की पहिलं वाक्य हेच सांगते की बॅग पहिल्या १५ दिवसांसाठी भरायची, २ वर्षांसाठी नाही. तांदूळ, तूरडाळ, हळद, टॉवेल, बादली सगळं तिकडे मिळतं, युनिव्हर्सिटीच्या बहुतेक शहरांत इंडियन स्टोअर असतंच. पण पहिले १५ दिवस तुम्हाला दुकान कुठे ते माहीत नसतं, बँक खातं सुरू झालेलं नसतं, रविवारी दुकानं बंद असतात हे कोणी सांगितलेलं नसतं, आणि बाहेर पाऊस असतो. त्या १५ दिवसांत जे लागेल ते हवं, बाकीची जागा रिकामी राहिली तरी चालेल.

मी जर्मनीत आखेनला राहिले म्हणून तिथलं सांगते, दुसऱ्या देशात जाणाऱ्यांनी नियम तिथले बघायचे, पण बॅग भरायची रीत साधारण हीच.

स्टेप १ : आधी फाईल, मग कपडे

आपल्याकडे उलटं होतं, आधी मसाले आणि स्वेटर गोळा होतात आणि कागद आदल्या रात्री. असं करू नका. एक फाईल करा आणि त्यात पासपोर्ट, व्हिसा, अ‍ॅडमिशन लेटर, एपीएस सर्टिफिकेट (आपल्या मार्कशीट-डिग्री तपासून मिळणारा दाखला), ब्लॉक्ड अकाउंटचं कन्फर्मेशन (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून दर महिन्याला ठरावीकच काढता येतात, सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२), हेल्थ इन्शुरन्स, ओरिजिनल मार्कशीट, रूमचा करार, पासपोर्ट साईज फोटो. ही फाईल हातातल्या बॅगेतच, काउंटरला द्यायच्या बॅगेत कधीच नाही, कारण ती बॅग दोन दिवस उशिरा पोहोचली तर कपडे उसने मिळतात, मार्कशीट मिळत नाही. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स, आणि स्कॅन करून स्वतःला मेल, एक सेट घरी आईकडे.

एवढी घाई का, तर घरात राहायला गेल्यापासून साधारण १४ दिवसांत शहराच्या ऑफिसात पत्ता नोंदवावा लागतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाकडून एक फॉर्म सही करून घ्यायचा असतो. पुढची बरीच कामं या नोंदणीवर अडतात, त्यामुळे अपॉइंटमेंट मिळत असेल तर नाशिकमधूनच ऑनलाइन घेऊन टाका.

स्टेप २ : काटा विकत घ्या

हुकवाला डिजिटल काटा मेन रोडला किंवा ऑनलाइन सहज मिळतो, बॅगेच्या हॅण्डलला अडकवून उचलायचा की झालं. किती किलो चालतात ते आपल्याच तिकिटावर वाचायचं, मैत्रिणीच्या नाही. बहुतेक ठिकाणी एका बॅगेला २३ किलो आणि लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंटीमीटर, हातातल्या बॅगेला ७ किंवा ८ किलो. काही एअरलाईन्स विद्यार्थ्यांना जास्तीची बॅग देतात, तिकीट काढतानाच विचारा, नंतर ते बऱ्याचदा होत नाही. घरी वजन २१.५ च्या पुढे जाऊ देऊ नका. आणि रिकामी बॅगच ५ किलोची असेल तर ती बदला, कितीही मजबूत असली तरी.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत, हे लिहून भिंतीला चिकटवा. १०० वॅट-अवरपर्यंतची परवानगीशिवाय चालते, आपली नेहमीची २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते. हातातल्या बॅगेतलं तेल, शाम्पू, क्रीम १०० मिलीच्या आतल्या बाटल्यांत आणि सगळं मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत.

स्टेप ३ : थंडीचे कपडे, पण सगळे इथून नाही

निफाडची थंडी बघितलेल्या माणसाला वाटतं आपल्याला काय होतंय. पण तिकडची थंडी ओली असते, वारा असतो, डिसेंबरात साडेचारलाच अंधारायला लागतं आणि महिनोन् महिने चालते. तरी जाड जॅकेट इथून घेऊ नका, अर्धी बॅग तेच खातं आणि आपल्याकडचं जॅकेट बऱ्याचदा वारं अडवत नाही. इथून घ्यायचं ते असं : थर्मलचे दोन जोड, शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमधून एक-दोन चांगले स्वेटर, कानटोपी, आणि एक टोपीवालं रेनजॅकेट. घरं आणि क्लासरूम आतून गरम असतात, त्यामुळे एकच जाड कपडा घातला तर आत घाम आणि बाहेर कुडकुडणं, थरावर थर असले की काढता-घालता येतात. बूट पाणी न जाणारे हवेत, यावर पैसे वाचवू नका. विमानात सगळ्यात जड बूट पायात आणि जाड स्वेटर अंगात.

एक साडी किंवा कुर्ता नक्की न्या. दिवाळीला मराठी पोरं-पोरी जमतात तेव्हा जीन्सवर बसायला खरंच वाईट वाटतं.

स्टेप ४ : खाऊ, इथे आईशी नीट बोलून घ्या

हा सगळ्यात नाजूक विषय. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, खव्याची मिठाई, पनीर बाद. घरचं कढवलेलं असलं तरी बाद. तुपातले लाडूसुद्धा मी नको म्हणते. ताजी फळं-भाजीही सर्टिफिकेटशिवाय चालत नाही, त्यात कढीपत्ता आला, हिरवी मिरची आली, आणि आपली द्राक्षंही आली. बेदाणे मात्र खुशाल न्या, मूठभर खिशात टाकले तरी प्रवासात पुरतात.

खोबऱ्याच्या वाट्या २०२२ पासून आपल्या विमानतळांवर काउंटरच्या बॅगेत अख्ख्या नेता येत नाहीत, त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं म्हणून. तेव्हा खोबरं मसाल्यात वाटूनच जाऊ द्या. काळा मसाला अर्धा किलो, गोडा मसाला पाव किलो, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, थालीपिठाची भाजणी एक किलो, एवढ्यावर माझा पहिला महिना निघाला आणि तो चांगला निघाला. बाहेरून दमून, ओलं होऊन आल्यावर तव्यावर भाजणीचं थालीपीठ टाकलं की खोलीला घराचा वास येतो, त्याची किंमत किलोत नाही करता येत. नाशिकचा चिवडा वजनाला हलका पण जागा खूप घेतो, म्हणून पाकिटं बुटांच्या आत आणि कपड्यांच्या फटीत बसवा.

मसाल्याला आधी प्लास्टिकची झिपवाली पिशवी, मग वर्तमानपत्र, मग परत पिशवी, आणि प्रत्येकावर इंग्रजीत नाव लिहायचं, कस्टमवाल्याने विचारलं तर सांगायला सोपं जातं. लोणचं नेणार असाल तर तेल कमी करून, झाकणाला टेप मारून, काउंटरच्या बॅगेतच.

भांड्यांत तीन लिटरचा कुकर आणि पोळीचा तवा, बास. दोन्ही इंडक्शनवर चालणारे आहेत का ते दुकानात बुडाला लोहचुंबक लावून बघा, चिकटलं तर घ्या. वीज तिकडेही २३० व्होल्टच आहे, फोनचा दोन पिनांचा चार्जर बसतो, तीन पिनांच्या प्लगला अडॅप्टर लागतो, दोन घ्या.

औषधं नेहमीची, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. चष्मा असेल तर जास्तीचा एक इथून करून न्या.

स्टेप ५ : मुंबईला लवकर निघा

ओझरहून थेट युरोपचं विमान नाही, मुंबई गाठावीच लागते. समृद्धी झाल्यापासून इगतपुरीहून आमण्यापर्यंत सुसाट जाता येतं, पण त्यापुढे भिवंडी-ठाण्याचं ट्रॅफिक आहे तिथेच आहे. मध्यरात्रीचं विमान असेल तर दुपारच्या जेवणानंतर लगेच निघा. सोडायला दोन गाड्या भरून माणसं येणार असतील तर आजी-आजोबांना घरीच नमस्कार करून निघा, विमानतळाबाहेर त्यांना बसायला धड जागा मिळत नाही.

स्टेप ६ : फिरायला पहिल्याच महिन्यात सुरुवात करा

पोरं म्हणतात आधी सेटल होतो, मग परीक्षा, मग थंडी, मग पार्टटाइम जॉब, आणि डिग्री संपते तेव्हा फक्त हॉस्टेल आणि लायब्ररी पाहिलेली असते. घरच्यांनाही फिरणं म्हणजे उधळपट्टी वाटते. पण माझ्या डोक्यातून घरची आठवण पहिल्यांदा हलकी झाली ती अभ्यासाने नाही, एका शनिवारी गाडीत बसून निघाले तेव्हा झाली.

खर्चाचं गणित सोपं आहे. मे २०२३ मध्ये ४९ युरोला डॉइचलँडटिकिट सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३ आहे. महिनाभर देशातल्या लोकल बस, ट्राम, मेट्रो आणि रिजनल गाड्या त्यावर चालतात, लांब पल्ल्याच्या आयसीई, आयसी चालत नाहीत. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांच्या सेमिस्टर फीमध्येच विद्यार्थ्यांचं असं तिकीट येतं, म्हणून आधी ते तपासा, नाहीतर दोनदा पैसे जातात. वेगळं घेतलं तर ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं, बंद करायचं असेल तर १० तारखेच्या आत करावं लागतं.

बॅगेत एक घडीची छोटी सॅक टाकून नेली असेल तर आता ती कामाला येते. त्यात पाण्याची बाटली (नळाचं पाणी प्यायला चांगलं असतं), थालीपिठाची गुंडाळी, रेनजॅकेट, स्टुडंट कार्ड आणि थोडी नाणी, स्टेशनवरच्या टॉयलेटला पैसे पडतात. सीमेपलीकडे जाणार असाल तर ओरिजिनल पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड, झेरॉक्स चालत नाही. जर्मनीबाहेरच्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसाची सोय असलेले युरोपातले देश) १८० दिवसांतले ९० दिवस फिरता येतं, इंग्लंड आणि आयर्लंड त्यात नाहीत.

सुरुवात जवळून करा. आखेनहून कोलोन रिजनल गाडीने तासाभरावर, स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की समोरच कॅथेड्रल उभं, १५७ मीटर उंच. बांधकाम १२४८ मध्ये सुरू झालं आणि १८८० मध्ये पूर्ण झालं. मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत, सप्तशृंगीचा गड पायी चढलेल्याला जमतं. बर्लिनला राइशटाग, म्हणजे तिथली संसद, तिचा काचेचा घुमट फुकट बघता येतो पण आधी ऑनलाइन नोंदणी लागते आणि पासपोर्ट बरोबर हवा. म्युनिकजवळ दाखाऊला १९३३ मध्ये सुरू झालेल्या छळछावणीचं स्मारक आहे, तिथेही प्रवेश फुकट. तिथे गेलात तर त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका, बाहेर आल्यावर बोलावंसं वाटत नाही.

पण एकच ठिकाण सांग म्हणाल तर मी ऱ्हाइनची दरी सांगेन, आणि ऑक्टोबरमध्ये. कोब्लेन्झ ते बिंगेन हा साधारण ६५ किलोमीटरचा पट्टा २००२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. कोब्लेन्झहून माइन्झकडे जाणारी लोकल पकडा आणि डाव्या खिडकीला बसा, नदी पूर्ण वेळ त्याच बाजूला असते, वळणा-वळणाला डोंगरावर किल्ला. या पट्ट्यात नदीवर पूल नाही, माणसं आणि गाड्या बोटीने पलीकडे जातात. मी बाखाराखला उतरले, लाकडी चौकटींची जुनी घरं, आणि घरांच्या पाठीला लागूनच द्राक्षाचे मळे.

आमची स्वतःची बाग दिंडोरीला. त्या दिवशी घरी गोडी बार छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची ऑक्टोबरची छाटणी, चालू होती आणि इकडे माझ्यासमोर काढणी. पप्पांना व्हिडिओ कॉल लावला. ते कात्री हातात घेऊनच बोलत होते. वेली चढवायचा मंडप कुठाय, त्यांनी पहिला प्रश्न केला. मंडप नाहीच, उभ्या चढावर तारेला बांधलेल्या वेलींच्या ओळी, चढ इतका की खालून बघताना मान दुखावी. मग म्हणाले, एवढ्या उतारावर माती वाहून जात नाही का गं? मी खाली वाकून बघितलं तर मातीवर सगळीकडे पाटीच्या दगडाच्या काळ्या चपट्या कपच्या पसरलेल्या. तशी एक उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. ते बराच वेळ बघत राहिले, मागून मजुरांचे आवाज येत होते. म्हणाले, खोडापाशी जाऊन नीट एक फोटो काढून पाठव.

कुंपणाच्या बाहेरून, वेलीला हात न लावता सात-आठ फोटो काढले, त्या नादात दुपारची गाडी गेली. तिथे गाडी तासाला एकच असते. म्हणून परतीच्या वेळा निघायच्या आधी फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवा, दरीत नेटवर्क जातं-येतं, आणि शेवटच्या गाडीवर कधीच अवलंबून राहू नका, तिच्या आधीची पकडायची असं ठरवूनच फिरा.