दूध-पॉपकॉर्न नाश्त्याला खाताय? या चुका टाळा

नाव ऐकून नाक मुरडू नका, अमेरिकेत १९व्या शतकाच्या शेवटी, कॉर्नफ्लेक्स घराघरात पोचायच्या आधी, लोक सकाळी पॉपकॉर्नवर दूध नाहीतर क्रीम घालून खायचे आणि आपल्याकडे ज्वारीच्या लाह्या दूध-साखरेत खाणारी घरं आहेतच की.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बटर किंवा मसाला फ्लेवरचं तयार पाकीट. ते दुधात टाकलं की वर तेलाचा तवंग येतो, दूध खारट होतं, सगळा बाऊल वाया. त्यापेक्षा किराणा दुकानातून सुटे दाणे आणा, पण पॉपकॉर्नचेच मागा, साधा मका तसा फुलत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात थोड्याशा तेलावर, मीठ न घालता फोडा आणि झाकण किंचित तिरकं ठेवा, कारण वाफ आत कोंडली की पॉपकॉर्न वातड होतात आणि मग दुधात त्यांचा नुसता लगदा. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या, इथे घाई नको.

निम्मे दाणे खालीच राहतात का? दाण्याच्या आत साधारण १४ टक्के ओलावा असतो, १८० डिग्रीच्या आसपास त्याची वाफ होऊन साल फुटतं, बरणी उघडी राहून दाणे सुकले असतील तर ते फुटणार कसे? बरणीत चमचाभर पाणी टाका, घट्ट झाकण लावून हलवा आणि दोन-तीन दिवस मधूनमधून हलवत राहा, बराच फरक पडतो. तरीही न फुटलेले दाणे निवडून काढाच, दुधात ते तळाशी बसतात, दिसत नाहीत आणि दाढेखाली आला तर दाताचा टवका उडू शकतो.

आता दूध. बाऊलभर पॉपकॉर्नवर एकदम ओतलं की ते बघता बघता बसतात. थंड दूध वाटीत घ्या, त्यात मूठभर टाका, खा, परत मूठभर टाका. मऊच आवडत असतील तर मात्र गरम दूध, साखर, वेलची, मस्त लागतं. नुसत्या पॉपकॉर्नने पोट फार वेळ भरलेलं राहत नाही, केळं किंवा भाजलेले शेंगदाणे घाला.

आणि चार वर्षांखालच्या मुलांना अजिबात देऊ नका, दुधात मऊ झाले तरी साल आणि अर्धवट फुटलेला दाणा घशात अडकू शकतो. त्यांच्यासाठी ज्वारीच्या लाह्यांचं बारीक पीठ दूध-साखरेत पातळ कालवून द्या.