खांबांवरच्या घराचं मॉडेल: घमेलं, गाळ आणि पाचट

भाच्याला इतिहासाचा प्रोजेक्ट होता, वर्गात सगळे प्रतापगड नायतर रायगड करणार हे नक्की, म्हणून आम्ही आल्प्सच्या तळ्यांतली लाकडी खांबांवरची घरं घेतली. इ.स.पू. 5000 ते 500 मधली, स्वित्झर्लंड धरून सहा देशांत, त्यातली 111 ठिकाणं 2011 ला युनेस्कोच्या यादीत गेलीत.

सामान सगळं सांगलीत फुकट मिळतं: जुनं घमेलं, कृष्णाकाठचा गाळ (घाटाजवळचा नको, काचा असतात), कळकाच्या काड्या, सुतळी, उसाचं पाचट.

गाळ उतारानं भरा, घमेलं काठोकाठ पाण्यानं भरायचं नाही. 1854 च्या हिवाळ्यात झुरिक तळ्याचं पाणी खूप उतरलं, आपल्याकडं धरण आटलं की बुडालेली देवळं वर येतात ना तसं, आणि ओबरमाइलेनला चिखलात खुंटच खुंट दिसले. फर्डिनांड केलर या तिथल्या पुरातत्त्व अभ्यासकानं अंदाज बांधला की पाण्यावर एक मोठा माच आणि त्यावर अख्खं गाव. पुढं उत्खननं झाली तेव्हा कळलं की बरीचशी घरं काठाच्या दलदलीत सुटी सुटी होती, पाणी कधी घराखाली यायचं कधी नाही. इटलीत फियावेला मात्र खांब खरंच पाण्यात होते. म्हणून अर्धा गाळ, अर्धं पाणी.

आता खांब. टोक काढा पण ठोकू नका, ठोकलं की गाळ फुगतो आणि शेजारचा खांब वाकडा होतो. ताकात रवी फिरवतो तसं डावीकडं-उजवीकडं फिरवत दाबा, लगेच आत जातो. एवढं करूनही आमचं पहिलं घर सकाळपर्यंत जमिनीपर्यंत खचलेलं, पोरगं रडायला लागलं. मग झुरिकच्या कांस्ययुगातली युक्ती वापरली: खांबाखाली भोकाची फळी, खांब भोकातून खाली आणि वर आडवी खुंटी, म्हणजे भार फळीवर येतो. आम्ही आईस्क्रीमच्या काडीला भोक पाडलं, काडी दोनदा फाटली, तिसऱ्यांदा आधी भिजवून घेतली तेव्हा जमलं.

चिकटवायला पांढरा गम नको, पाण्यात सुटतो, सुतळीच बांधा. भिंती आपल्या कुडासारख्या, काड्या विणायच्या आणि मातीत भुस्सा कालवून लिंपायच्या. शेण घालू नका, बाई वर्गात घेणार नाहीत. वर पाचट.

शाळेतनं परत आल्यावर घमेलं दोन महिने परसात पावसात पडून होतं. उपसलं तर पाण्याच्या रेषेला काड्या काळ्या पडून मऊ झालेल्या, पण गाळात रुतलेला भाग तसाच पिवळा. तिकडं आल्प्सच्या तळ्यांतपण गाळात हवाच लागली नाही म्हणून हजारो वर्षांचे खांब, जवसाच्या धाग्याचं कापड, वाळवलेली सफरचंदं टिकली. खांबातल्या वर्तुळांवरनं झाड कुठल्या वर्षी तोडलं तेपण काढतात. आमच्या काड्यांवर भाच्यानं नखानं रेघ मारून ठेवलीय, घमेलं आईनं परत घेतलं.