पावसाळ्यात रोगाचा अंदाज: नकाशा लाल व्हायची वाट पाहू नका

झड लागली की बटाटा-टोमॅटोवरचा करपा (पाने करपवणारा बुरशीसारखा रोग) आठवडाभरात अख्खा प्लॉट बसवतो. म्हणून उपग्रहाची माहिती वापरताना एक गल्लत टाळा.

मोबाइलवर दिसणारा हिरवा-पिवळा-लाल नकाशा पिकाच्या हिरवेपणाचा असतो. तो लाल होईपर्यंत रोग पानात शिरून बरेच दिवस गेलेले असतात. शिवाय पाण्याचा ताण किंवा नत्राची कमतरता असली तरी रंग तसाच बदलतो. त्यात ऐन पावसाळ्यात ढगांमुळे कित्येकदा चित्रच मिळत नाही. अंदाजासाठी पाहायचे ते पाऊस, तापमान आणि आर्द्रता. उपग्रहाला रोगाचे बीजाणू (बीसारखे सूक्ष्म कण) दिसत नाहीत, पण ते रुजण्याजोगी हवा झाली का, हे कळते.

बटाट्याच्या करप्यासाठी ब्रिटनमध्ये हटन निकष वापरतात: सलग दोन दिवस किमान तापमान 10 अंश सेल्सिअस किंवा अधिक, आणि दोन्ही दिवशी निदान 6 तास आर्द्रता 90 टक्के किंवा त्याहून जास्त. उष्ण भागात तापमानाची अट बहुधा रोजच पुरी होते, तिथे दमट हवेचे तास मोजणे महत्त्वाचे.

उपग्रहावरून मिळणाऱ्या पावसाच्या आकड्यांची एक चौकट साधारण 10 किलोमीटर रुंद असते. तुमच्या बांधावर पडलेली सर त्यात हरवू शकते. शेतात साधे पर्जन्यमापक ठेवाच, दोन्ही आकडे रोज वहीत लिहा.

हवा जुळली की त्याच सकाळी, दव असतानाच प्लॉटमध्ये फिरा. खालची पाने उलटून पाहा, डागाच्या कडेला पांढरी बुरशी दिसते का ते बघा. स्पर्शजन्य (पानाच्या वरच राहणारे) बुरशीनाशक रोग शिरण्याआधीच कामाला येते, नंतर नाही. फवारणीचे प्रमाण लेबलवर दिल्याप्रमाणेच ठेवा.

जनावरांच्या बाबतीत तर वेळेला फारच मोल आहे. समुद्राचे वाढलेले तापमान, पाऊस आणि हिरवळ यांवरून नासाच्या शास्त्रज्ञांनी सप्टेंबर 2006 मध्ये पूर्व आफ्रिकेत रिफ्ट व्हॅली तापाचा (जनावरांना आणि माणसांनाही होणाऱ्या रोगाचा) इशारा दिला होता. डिसेंबरमध्ये केनियात रुग्ण सापडले. डासांमुळे पसरणाऱ्या या रोगाची साथ सुरू झाल्यावर लस टोचू नये, कारण एकच सुई अनेक जनावरांना वापरली तर रोग आणखी पसरतो. ज्या भागात हा रोग येतो, तिथे इशारा मिळताच पशुवैद्यकाकडून लसीकरणाची तारीख ठरवून घ्या.