नोकऱ्या वाढल्या, पण कसल्या? पीएलएफएसचा अहवाल वाचायची रीत

देशातला रोजगार मोजायचं मुख्य साधन म्हणजे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं पीएलएफएस, म्हणजेच नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण. ते २०१७ पासून चालू आहे. त्याचा अहवाल आला की बातमी एकाच आकड्याची होते : १५ वर्षांवरील बेरोजगारी २०१७-१८ मध्ये ६.० टक्के होती, २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के झाली. नोकरीचा दर्जा समजून घ्यायचा असेल तर हे पान आधी बाजूला ठेवा. काम शोधून थकलेला मुलगा घरच्या शेतात हातभार लावू लागला, तरी बेरोजगारी कमी होते.

आधी मोजपट्टी तपासा

अहवालात दोन मोजपट्ट्या असतात. ‘सामान्य स्थिती’त मागचे ३६५ दिवस बघतात आणि दुय्यम काम किमान ३० दिवस केलेलं असलं तरी माणूस कामकरी धरतात. ‘चालू साप्ताहिक स्थिती’त मागच्या ७ दिवसांत एक तास काम पुरतं. वरचा ३.२ हा आकडा पहिल्या पट्टीचा आहे. त्याच वर्षी दुसऱ्या पट्टीने बेरोजगारी ४.९ टक्के होती.

एप्रिल २०२५ पासून दर महिन्याचे आकडे येतात, ते साप्ताहिक पट्टीचे. पहिला होता ५.१ टक्के. तो ३.२ शेजारी ठेवून ‘बेरोजगारी उसळली’ म्हणणं ही नेहमीची चूक. शिवाय जानेवारी २०२५ पासून नमुना निवडायची पद्धत बदलली आणि सर्वेक्षणाचं वर्ष जुलै-जूनऐवजी जानेवारी-डिसेंबर झालं. म्हणून २०१७-१८ ते २०२३-२४ ही मालिका वेगळी वाचायची, पुढची वेगळी.

टक्क्यांचे टक्के सोडवा

खरी मेख इथे आहे. २०१७-१८ ते २०२३-२४ या काळात पगारी नोकरांचा वाटा २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर आला, हे वाचून पगारी नोकऱ्या घटल्या असं वाटतं. पण हा वाटा काम करणाऱ्यांतला आहे, आणि काम करणारेच वाढले : सर्व वयांच्या दर १०० माणसांमागे ३४.७ वरून ४३.७. म्हणून प्रत्येक वाटा या आकड्याने गुणा आणि १०० ने भागा.

पगारी : ७.९ वरून ९.५.
रोजंदारी : ८.६ वरून ८.७, म्हणजे जवळपास तिथेच.
स्वतःचा धंदा किंवा शेती चालवणारे : १३.४ वरून १७.०.
घरच्या कामातले बिनपगारी मदतनीस : ४.७ वरून ८.५.

दर शंभर माणसांमागे नऊ कामकरी वाढले, त्यांतले जवळपास चार मदतनीस आणि दीडच्या आसपास पगारी. ‘नोकऱ्या गेल्या’ म्हणणाराही चुकतो आणि ‘रोजगार बहरला’ म्हणणाराही.

कोड २१ जवळून बघा

सर्वेक्षणात प्रत्येकाच्या कामाला कोड देतात : ११ स्वतःचं काम, १२ मालक, २१ मदतनीस, ३१ पगारी, ५१ रोजंदारी. घरच्या म्हशींच्या धारा काढणारी, वैरण घालणारी सून २१ मध्ये येते. तीच सून फक्त घरकाम करून सरपण आणत असेल, तर कोड ९३ लागतो आणि ती कामकऱ्यांत मोजलीच जात नाही. वर्षभर मुख्यतः घरकाम, पण महिनाभर खुरपणी केली, तर दुय्यम स्थितीतून ती आत येते. म्हणून ‘फक्त मुख्य स्थिती’चा तक्ताही उघडून बघा. दोन्हींतला फरक बायकांच्या बाबतीत मोठा असतो.

ग्रामीण बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांचं प्रमाण (१५ वर्षांवरील), २४.६ वरून ४७.६ टक्क्यांवर गेला तो याच वाटेने. २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या बायकांपैकी ३६.७ टक्के मदतनीस होत्या. एकूण कामकऱ्यांत शेतीचा वाटाही ४४.१ वरून ४६.१ टक्के झाला. शेतीतून माणसं बाहेर पडायला हवी होती, उलट आत आली.

पगारी म्हणजे पक्की नव्हे

महिन्याच्या बोलीवर धुणीभांडी करणारी बाईही कोड ३१ मध्येच येते. म्हणून तीन प्रश्नांचे तक्ते काढा : लेखी करार आहे का, भरपगारी रजा आहे का, पीएफ-विम्यासारखी सामाजिक सुरक्षा आहे का. २०१७-१८ मध्ये बिगरशेती पगारी नोकरांपैकी ७१.१ टक्के बिनकरार, ५४.२ टक्के बिनरजा आणि ४९.६ टक्के सुरक्षेविना होते. नव्या वर्षाचे हेच तीन रकाने शेजारी मांडा. कामगार संहिता, म्हणजे नवे एकत्रित कामगार कायदे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि नेमणूकपत्र सक्तीचं झालं. त्यामुळे पुढे कराराचा रकाना सुधारलेला दिसेल. पण कागद देणं मालकाला स्वस्त पडतं, पीएफ भरणं नाही. तिन्ही एकत्र वाचा.

पीएफच्या नव्या खात्यांचा आकडा मात्र नवी नोकरी म्हणून मोजू नका. कारखान्यात विसावा माणूस लागला की कायदा लागू होतो आणि आधीच्या एकोणीस जणांचीही खाती निघतात.

कमाई महागाईने भागा

पगारदाराला मागच्या महिन्याची कमाई विचारतात, स्वयंरोजगारवाल्याला ३० दिवसांची, रोजंदाराला ७ दिवसांची. बिनपगारी मदतनीस स्वयंरोजगाराच्या सरासरीत नसतात, त्यामुळे ती सरासरी फुगलेली दिसते. समजा पगार १६,००० वरून २०,००० झाला आणि ग्राहक किंमत निर्देशांक १४० वरून १८५. तर २०,००० × १४० ÷ १८५ = १५,१३५. पंचवीस टक्के वाढ दिसते, प्रत्यक्षात पाच टक्क्यांची घट. दोन्ही निर्देशांक एकाच आधारवर्षाचे हवेत.

कच्ची माहिती उघडलीत तर

सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर ती फुकट मिळते. भारांक (नमुन्यातला एक माणूस किती जणांच्या वतीने आहे तो आकडा, फायलीतला ‘गुणक’) लावल्याशिवाय एकही टक्का काढू नका. २०२३-२४ पर्यंतच्या फायलींत एनएसएस आणि एनएससी (उपनमुन्यातल्या आणि एकत्रित नमुन्यातल्या गावं-वस्त्यांची संख्या) हे रकाने सारखे असतील तर गुणकाला १०० ने भागायचं, नसतील तर २०० ने. वर्षाचा अंदाज हवा तर पुन्हा तिमाह्यांच्या संख्येने. या फायलींच्या काळात शहरी घरांकडे पुन्हा-पुन्हा जात, म्हणून वार्षिक हिशेबात फक्त पहिल्या भेटीची फाईल घ्या. आणि जिल्ह्याचा आकडा काढायचा मोह टाळा. गोव्यासारख्या लहान राज्यात तर ‘शहरी, पदवीधर, स्त्री’ अशी चाळणी लावली की हातात मोजकीच घरं उरतात.