ड्रिफ्ट्सवर फास्ट स्पेक्ट्रा घेताय? आधी या चुका टाळा

गाडीच्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिस्टवर, मग तो प्लॅटिनम-ॲल्युमिना असो की डिझेलवाला कॉपर झिओलाइट, गॅस बदलला की सरफेसवर काय घडतं ते बघायला आयआर (इन्फ्रारेड) झकास आहे, आणि पावडरवरून विखुरलेला आयआर प्रकाश मोजायची पद्धत म्हणजे ड्रिफ्ट्स. पण लॅबमध्ये सगळ्यांचं लक्ष स्पीडवरच. रॅपिड स्कॅन लावला, सेकंदाला वीस-वीस स्पेक्ट्रा यायला लागले की पोरं खूश. अहो पण गॅस तेवढ्या वेगात बदलतोय का? सेलमधली (पावडर ठेवायच्या डबीतली) मोकळी जागा ५ मिली आणि फ्लो मिनिटाला ५० मिली असेल तर जुना गॅस सरासरी ६ सेकंद आतच घोटाळतो, पूर्ण जायला त्याच्या तीन-चार पट वेळ, आणि मग तुम्ही कायनेटिक्स (रिॲक्शनचा वेग) म्हणून जो ग्राफ दाखवताय तो सेल रिकामा होण्याचा ग्राफ निघतो. आधी कॅटॅलिस्टच्या जागी नुसती इनर्ट (रिॲक्शन न करणारी) पावडर भरून गॅसचा स्विच मारा आणि मास स्पेकवर (बाहेर येणारा गॅस ओळखणारं यंत्र) कर्व्ह बघा. रिॲक्शन त्याहून सावकाश दिसली तरच पुढे बोला. स्विचिंग व्हॉल्व्हच्या दोन्ही लाइन्सचं प्रेशरही जुळवून घ्या, नाहीतर प्रत्येक स्विचला झटका बसतो आणि तो पीकमध्ये उमटतो.

सीओ (कार्बन मोनॉक्साइड) वापरताना अजून एक भानगड असते. गॅसमधल्या सीओचे २१४३ सेमी⁻¹ च्या दोन्ही बाजूंना साधारण २११५ आणि २१७० ला दोन उंचवटे येतात, ऑक्सिडाइज्ड प्लॅटिनमवरचा सीओ त्यातल्या पहिल्यात सहज लपतो, म्हणून गॅसचा स्पेक्ट्रम वेगळा घेऊन वजा करा. आणि २०५७ च्या आसपास बारीक पीक दिसला की लगेच 'प्लॅटिनमवरचा सीओ मिळाला' म्हणू नका! स्टीलच्या लाइनमधून आलेलं निकेल कार्बोनिल (निकेल आणि सीओचं संयुग) तिथेच दिसतं. ॲल्युमिनियम सिलेंडर घ्या, कार्बोनिल ट्रॅप लावा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मोठा पीक दिसला की त्याला इंटरमीजिएट (रिॲक्शनचा मधला टप्पा) म्हणणं. सेरियावर (सेरियम ऑक्साइड) कार्बोनेट ढिगाने जमतं, १३०० ते १६०० च्या पट्ट्यात नुसती गर्दी, पण त्यातलं बरंचसं तिथे फुकट बसलेलं, नुसतं बघ्या असतं, खरं काम करणारं इतकं कमी असतं आणि इतकं पटकन संपतं की दिसतही नाही. गॅस आलटून पालटून सोडा, त्याच तालावर काय कमी-जास्त होतं ते बघा. तेवढ्याने सिद्ध काही होत नाही, कारण बघ्यांपैकी काही जण पण तालावर नाचतात. म्हणून चालू रिॲक्शनमध्येच साधा सीओ बंद करून कार्बन-१३ (जड कार्बन) वाला सोडा आणि पीक नव्या जागी सरकायचा वेग मास स्पेकवर नवा सीओ-टू येण्याच्या वेगाशी ताडून बघा. पीक मागे रेंगाळत असेल तर सोडून द्या तो.

बाकी किरकोळ: कॉपर झिओलाइटमध्ये केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) मिसळू नका, आयन एक्स्चेंज होऊन सॅम्पलच बदलतं. कंट्रोलर ३०० अंश दाखवत असला तरी पावडरचा वरचा थर, म्हणजे आयआरला दिसतो तोच, बराच थंड असू शकतो, त्यामुळे लाइट-ऑफचं (कॅटॅलिस्ट कामाला लागतो ते) तापमान छापायच्या आधी थर्मोकपल (तापमान मोजायची तार) पावडरच्या बेडमध्ये खुपसून कॅलिब्रेट करा.