स्वयंपाकघरात चौकटीचा फळा बसवताना

इंदूरमध्ये नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, त्यामुळे पाण्याची पाळी आज की उद्या, हा प्रश्न आमच्या घरात रोज कोणीतरी विचारत असे. दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख आणि संपत आलेला किराणा यांच्या चिठ्ठ्याही फ्रिजवरून वरचेवर गळून पडत. ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला पिठाच्या हातानेही लिहिता येईल, अशी जागा आम्हाला हवी होती.

म्हणून खडूने लिहायचा काळा फळा करायचे ठरले. पहिल्या वेळी मी जुन्या घराच्या भिंतीवरच फळ्याचा रंग लावला आणि ती चूक ठरली. जुलैत पाऊस लागला, गिलाव्यात ओल उतरली, आणि तेलयुक्त रंगाच्या थराने ती बाहेर पडू न दिल्यामुळे फळ्याला फोड आले. आपली भिंत कोरडी आहे का, हे पाहण्यासाठी प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवावा. आतून दव धरले, तर भिंत रंगवू नये. माझ्या मते भिंत कोरडी असली तरी प्लायवूडच घ्यावे, कारण ते गच्चीत किंवा गॅलरीत रंगवता येते. ब्लॅकबोर्ड पेंट आणि टर्पेंटाइन यांची वाफ पेट घेते, म्हणून शेगडीच्या आसपास हे काम मुळीच करू नये.

६० × ९० सेंमी आकार घरासाठी पुरेसा होतो. ६ मिमी जाडीचे प्लाय वाकते, म्हणून १२ मिमीचे जलरोधक प्लाय घ्यावे. ‘आयएस ७१०’ (मरीन प्लायचे भारतीय मानक) असा शिक्का असलेले मिळाल्यास उत्तम. सर्वांत जास्त वेळ पृष्ठभागाला द्यावा. खडू सपाट पृष्ठभागावरच नीट चालतो आणि लाकडाची एकेक रेघ काळ्या रंगातून वर दिसते. जुने रंगारी जिला लांबी म्हणतात, ती लाकडाची पुट्टी पातळ पसरवावी, पूर्ण वाळू द्यावी, आधी १८० आणि मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावी, आणि डोळे मिटून तळहात फिरवला असता कोठेही अडखळत नाही तोवर हे काम थांबवू नये. त्यानंतर प्रायमर पाठीला आणि चारही कडांनाही लावावा; एकाच बाजूला लावल्यास दुसरी बाजू दमट हवा शोषते आणि फळा वाकतो.

रंगासाठी ब्रशऐवजी स्पंजचा रोलर वापरावा. पहिला हात आडवा, दुसरा उभा आणि तिसरा पुन्हा आडवा असे तीन पातळ हात द्यावेत. डब्यावर कमी वेळ लिहिला असला तरी दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्यावी आणि प्रत्येक वेळी ३२० नंबरचा कागद हलकेच फिरवावा.

चौकटीसाठी ४ सेंमी रुंद, आतून १ सेंमी रुंदीची खाच असलेली सागवानी पट्टी घ्यावी. फळा त्या खाचेत बसत असल्याने चौकटीचे बाहेरचे माप ६६ × ९६ सेंमी येते. कापण्यातली घट धरून साडेतीन मीटर पट्टी लागते. ४५ अंशांच्या कापणीसाठी सुताराकडे जाणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण एक अंश चुकला तरी कोपऱ्यात फट दिसते. फेव्हिकोल लावून जोडल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही सुमारे ११६.५ सेंमी भरले, तर चौकट काटकोनात आहे. चौकटीला पॉलिश करून मगच फळा आत बसवावा आणि मागून छोट्या स्क्रूंनी धरावा. खालच्या पट्टीवर खडू ठेवण्यासाठी ३ सेंमी रुंदीची फळी जोडावी.

फळा शेगडीपासून किमान एक मीटर दूर असावा. फोडणीचा तेलकट चिकटा बसला की खडू उमटत नाही. घरात लहान मुले असतील, तर तो खाली लावावा. नळाच्या किंवा स्विचबोर्डच्या सरळ रेषेत भोक पाडू नये, कारण पाइप आणि तारा बहुधा तेथूनच गेलेल्या असतात. सहा किलोच्या आसपास वजन असल्याने भिंतीत ८ मिमीच्या चार गिट्ट्या (स्क्रू धरणारे प्लास्टिकचे प्लग) ठोकून ५० मिमी लांबीचे स्क्रू आवळावेत.

शेवटचा हात दिल्यापासून तीन दिवस फळ्यावर काही लिहू नये. नंतर खडू आडवा धरून संपूर्ण फळा पांढरा करावा आणि कोरड्या सुती फडक्याने पुसावा. हे दोनदा केल्यास रंगातील बारीक छिद्रे खडूने भरतात. ही पायरी गाळली, तर पहिल्यांदा लिहिलेली अक्षरे फिकट सावलीसारखी कायम राहतात. पहिला आठवडा ओले फडके लावू नये. पुढे मात्र रोज ओलसर फडक्यानेच पुसावे, म्हणजे भुकटी ओट्यावर उडत नाही.