परदेशातली इंटर्नशिप संपवून नाशिकला परत येताय? या चुका टाळा

ऑगस्ट लागला की आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर तेच तेच मेसेज सुरू होतात. ताई सर्टिफिकेटवर सही राहिली, ताई डिपॉझिट आलंच नाही आणि मी अकाउंट बंद करून आलो, आता काय. मुलं तिकडं काम अगदी मन लावून करतात, पण शेवटचे दोन आठवडे फिरण्यात आणि बॅगा भरण्यात जातात, आणि जे तिथं बसून अर्ध्या तासात झालं असतं ते मग गंगापूर रोडवर बसून मेलवर मेल टाकत दिवाळीपर्यंत चालतं. म्हणून कळकळीनं सांगते, ज्या कामाला तिथली सही, तिथला शिक्का किंवा तिथला मोबाइल नंबर लागतो ते काम विमानात बसायच्या आधी उरकायचं. बाकीचं घरी आल्यावर होतं.

मी जर्मनीचं सांगतेय कारण मला विचारणारी बरीच मुलं तिकडचीच असतात, दुसऱ्या देशात असाल तर तिथले नियम बघून घ्या.

सर्टिफिकेट शेवटच्या दिवसावर ढकलणं

सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. तिकडं ऑगस्ट म्हणजे सुट्ट्यांचा सीझन, तुमचे सुपरवायझर दोन-तीन आठवडे गायब असू शकतात आणि एचआरवाल्या मॅडमही. त्यामुळं निदान महिनाभर आधी मेल करून मागा, तोंडी नको. तिथं त्सॉयग्निस, म्हणजे कामाचं सर्टिफिकेट, दोन प्रकारचं असतं, साध्यात फक्त कधीपासून कधीपर्यंत होतात आणि काय काम केलं एवढंच, आणि दुसऱ्यात, ज्याला क्वालिफिझिएर्टेस म्हणतात, तुम्ही काम कसं केलं तेही लिहिलेलं असतं. पुढं एमएसला किंवा नोकरीला अप्लाय करणार असाल तर हे दुसरं मागा, आणि सोबत इंग्लिश कॉपीही.

हातात आलं की तिथंच उभं राहून वाचा. लेटरहेड आहे का, सही आहे का, सुरुवातीची आणि शेवटची पूर्ण तारीख आहे का. एका ज्युनियरच्या सर्टिफिकेटवर नुसतं जून ते ऑगस्ट लिहिलं होतं, इकडं क्रेडिटसाठी तारखा पाहिजे होत्या, आणि नवीन कागद आला तोपर्यंत दसरा होऊन गेला होता. नावाचंही तसंच. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, आणि पासपोर्टवर क्रम वेगळा, त्यात तिकडचे लोक वडिलांचं नाव कधी कधी गाळूनच टाकतात. पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव तुम्हीच टाइप करून पाठवा. कॉलेजचा इव्हॅल्युएशन फॉर्म असेल तर तोही गाइडकडून आधीच मागवून तिकडची सही घेऊन ठेवा.

आणि हो, कंपनीचा मेल शेवटच्या दिवशी बंद होतो. लोकांचे नंबर, लिंक्डइन आधी घेऊन ठेवा. पण कोड किंवा डेटा पेनड्राइव्हवर अजिबात घ्यायचा नाही, रिपोर्टमध्ये काय दाखवलं तर चालेल ते एका मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

बँक अकाउंट आधी बंद करणं

इथं क्रम चुकतो. गेल्यावर आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी, केलं असेल तर निघताना अबमेल्डुंग, म्हणजे ती नोंदणी रद्द, करावं लागतं, घर सोडायच्या आधी जास्तीत जास्त एक आठवडा आणि सोडल्यावर दोन आठवड्यांच्या आत. तो कागद नीट ठेवा, कारण रेडिओ-टीव्हीची फी, महिन्याला 18.36 युरो, तुमच्या नावावर असेल तर ती आपोआप थांबत नाही, वेगळं कळवावं लागतं आणि तिथं हाच पुरावा लागतो. मग सिमचं कॉन्ट्रॅक्ट. बँक सगळ्यात शेवटी, शेवटचा पगार आणि रूमचं डिपॉझिट जमा झाल्यावर, आणि डिपॉझिट यायला कधी कधी काही महिने लागतात. रूम परत देताना मीटरचे, भिंतींचे, बाथरूमचे फोटो काढा, हँडओव्हरच्या कागदावर मालकाची सही घ्या. बँकेचं अ‍ॅप ज्या फोनवर आहे तो फोन इतक्यात रिसेट करू नका.

तारीख आणि बॅग

व्हिसा 31 तारखेपर्यंत असेल आणि फ्लाइट रात्री साडेबाराची, म्हणजे पुढची तारीख झाली. एक दिवसाचा ओव्हरस्टेसुद्धा पुढच्या व्हिसाच्या वेळी आडवा येऊ शकतो, तेव्हा मध्ये दोन-चार दिवस मोकळे ठेवूनच तिकीट काढा.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही. उरलेले युरो नोटांमध्ये असतील तर 2000 डॉलर इतक्या किमतीपर्यंत जवळ ठेवता येतात, त्यावरचे परत आल्यापासून 180 दिवसांत बदलून घ्यायचे.

घरच्यांना नुसती वेळ सांगू नका, फ्लाइट नंबर द्या. आईबाबा नाशिकहून गाडी करून दुपारीच निघतात आणि विमान चार तास लेट असलं तरी मुंबई एअरपोर्टच्या टी-टूच्या बाहेर उभे राहतात. पावसात कसारा घाटात रात्री जपून, जून 2025 पासून इगतपुरी ते आमणे समृद्धी महामार्ग सुरू झालाय, तर ड्रायव्हरला आधीच विचारून ठेवा कुठून आणणार.

आल्यावर आयटीआर विसरणं

आयटीआर म्हणजे इन्कम टॅक्स रिटर्न, याबद्दल मुलांना कुणी सांगतच नाही. दोन-तीन महिने बाहेर राहून आलात तरी टॅक्सच्या हिशोबानं तुम्ही भारतातले रहिवासीच असता, त्यामुळं तिकडचा पगार इथं दाखवायचा आणि तिकडचं अकाउंट शेड्युल एफएमध्ये, म्हणजे रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, टाकायचं, उत्पन्न टॅक्सच्या मर्यादेखाली असलं तरीही. ही माहिती जानेवारी ते डिसेंबर या वर्षाची द्यायची असते, आणि मधेच अकाउंट बंद केलं तरी त्या वर्षाचं दाखवावंच लागतं. आयटीआर-1 इथं चालत नाही, आयटीआर-2 भरायचा. सीएकडं जाताना तिकडच्या पगाराच्या स्लिपा, वर्षाचं टॅक्स स्टेटमेंट आणि पूर्ण बँक स्टेटमेंट सोबत न्या, आणि ही तिन्ही डाउनलोड अकाउंट बंद व्हायच्या आधीच करून ठेवा.